बंद झालेले हवाना सिगार : पान, माप आणि वय

क्युबात हाताने वळले जाणारे आणि 'हबानोस' या नावाने जगभर विकले जाणारे सिगार कायम टिकणाऱ्या यादीतले नसतात. दर काही वर्षांनी त्या यादीतून काही मापे गळतात, कधी अख्खा मार्का नाहीसा होतो. गळलेल्या मालाच्या पेट्या दुकानांत, गोदामांत आणि खाजगी कपाटांत उरतात. त्या जुन्या होत जातात, दरवर्षी काही ओढल्या जातात आणि उरलेल्यांची किंमत चढत जाते. या उरलेल्या मालाचा शोध, पारख, साठवण आणि आस्वाद हा आता सिगारच्या दुनियेतला स्वतंत्र व्यासंग झाला आहे. त्यात दुर्मिळता आणि गुणवत्ता यांची सतत गल्लत होते. सिगार बंद झाला म्हणजे तो चांगला होता असे नाही. बहुतेक मापे खप नसल्याने बंद झाली, आणि त्यातली काही खरोखरच सामान्य होती. उलट काहींच्या जाण्याने क्युबाच्या सिगारकलेचे जे नुकसान झाले, ते आजतागायत भरून निघालेले नाही.

हा माल नव्याने का करता येत नाही, याचे पहिले उत्तर पानात आहे. क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो हा तंबाखूचा पट्टा आहे. सान लुईस आणि सान हुआन ई मार्तिनेस ही त्यातली सर्वांत नावाजलेली गावे. सिगारच्या बाहेरचे गुळगुळीत पान, म्हणजे 'कापा', येथे पातळ कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवले जाते. आतल्या गाभ्याची पाने उघड्या उन्हात वाढतात. त्याच रोपाच्या खालच्या भागातले व्होलादो नीट जळण्यासाठी, मधले सेको सुगंधासाठी आणि वरचे लिगेरो कडकपणासाठी घेतले जाते. या पानांच्या प्रमाणाला 'लिगा' म्हणतात. मार्क्याची ओळख या लिगेत असते.

विसाव्या शतकात बराच काळ बाहेरच्या पानासाठी 'कोरोहो' ही जात वापरली गेली. सान लुईसजवळच्या एल कोरोहो या शेतावर ती तयार झाली आणि त्यावरूनच तिला नाव पडले. पान तेलकट, रंगाने लालसर तपकिरी, चवीला भरदार. पण रोगाला लवकर बळी पडणारे. १९७९-८०च्या हंगामात निळ्या बुरशीने क्युबाचे बहुतेक पीक नासवले आणि कारखान्यांना पानच मिळेनासे झाले. पुढे सोव्हिएत संघ कोसळल्यावर खते आणि औषधे दुर्मिळ झाली आणि नाजूक जात सांभाळणे परवडेनासे झाले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोरोहोची जागा 'हबाना २०००' या संकरित जातीने घेतली. तिचे पान जाड होते, नीट जळत नसे, म्हणून तिच्याही जागी क्रिओयो ९८ आणि कोरोहो ९९ या जाती आल्या. म्हणजे १९९०च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा सिगार ज्या पानात गुंडाळलेला आहे, ते पान आता क्युबात पिकतच नाही. तेच नाव, तेच माप, तीच पट्टी लावून सिगार पुन्हा काढला तरी तो जुना सिगार होत नाही.

दुसरे उत्तर मापात आहे. क्युबात प्रत्येक मापाला कारखान्यातले एक नाव असते आणि बाजारातले दुसरे. लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि जाडी 'रिंग गेज'मध्ये, म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागात. ४२ गेज जाडीच्या आणि १६५ मिमी लांबीच्या मापाला कारखान्यात 'सेर्वान्तेस' म्हणतात, बाजारात ते 'लॉन्सडेल' म्हणून ओळखले जाते. मोंतेक्रिस्तो नं. १ हे याच मापाचे. एकेकाळी राफाएल गोन्सालेस, पोर लारान्यागा, सेंट लुईस रे, एल रेय देल मुंदो, पार्तागास अशा कितीतरी मार्क्यांचा आपापला लॉन्सडेल होता. माप एकच, पण लिगा वेगळी असल्याने एक मधाळ, दुसरा मातकट, तिसरा मिरीसारखा तिखट. सहा-सात लॉन्सडेल शेजारी ठेवून मार्क्यामार्क्यांतला फरक शिकता येत असे. ही शाळा आता जवळपास बंद पडली आहे.

तिला बंद पाडले जाड सिगारांच्या हौसेने. १९९०च्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली, आणि क्युबन मालावर तिथे बंदी असली तरी आखूड व जाड मापांची तिथली आवड जगभर पसरली. ५० गेज जाडीचा आणि १२४ मिमी लांबीचा रोबुस्तो अर्ध्या-पाऊण तासात ओढून होतो, लॉन्सडेलला तास-सव्वा तास लागतो. शहरी माणसाचा वेळ आणि धूम्रपानावरची बंधने यांनी आखूड मापाची बाजू घेतली. २००२ पासून पुढची काही वर्षे क्युबन सिगार जगभर विकणाऱ्या हबानोस कंपनीने यादी झपाट्याने छाटली. यंत्रावर केलेले सिगार काढून टाकले, ते योग्यच झाले. पण त्यांच्यासोबत सडपातळ आणि लांब हातवळणीचे सिगारही गेले. आयफेल मनोऱ्यासारखा उंच, २३५ मिमी लांबीचा साँचो पांसा 'सान्चोस' गेला. दिप्लोमातिकोस हा मार्का १९६६ मध्ये फ्रान्सच्या बाजारासाठी मोंतेक्रिस्तोच्या धर्तीवर काढलेला. त्याची क्रमांकित मापे एकेक करून गेली, निमुळत्या टोकाचा नं. २ तेवढा बराच काळ तग धरून राहिला. ओयो दे मोंतेरेयचे 'चर्चिल' हे लांब माप आणि पंचचे 'सुपर सिलेक्शन' हेही त्याच वाटेने गेले.

सडपातळ सिगारचा आग्रह केवळ जुन्याच्या ओढीपोटी नाही. कमी जाडीच्या सिगारमध्ये गाभ्याच्या तुलनेत बाहेरच्या पानाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे कापाची चव तोंडात थेट येते. शिवाय असा सिगार वळणे अवघड. गाभ्याची घडी थोडी घट्ट बसली की ओढ बंद होते, सैल राहिली की सिगार तापतो. ३८ गेजचा, १९२ मिमी लांबीचा 'लागितो नं. १' निर्दोष वळणारा कारागीर कारखान्यात वरच्या पायरीवर असतो. जी मापे वळायला अवघड आणि विकायला मंद, ती पहिल्यांदा बंद होतात. व्यापाराच्या हिशेबात ते बरोबर असेल, कलेच्या हिशेबात मात्र ते नुकसानच आहे.

संपूर्ण मार्काच संपल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण दाविदॉफचे. झिनो दाविदॉफ यांचा जन्म १९०६ चा, कीव्हचा. लहानपणीच कुटुंब जिनिव्हाला आले आणि वडिलांच्या तंबाखूच्या दुकानात ते वाढले. १९४०च्या दशकात त्यांनी ओयो दे मोंतेरेयच्या नावाखाली 'शातो' मालिका काढली. शातो लातूर, शातो मार्गो, शातो लाफित अशी बोर्दोच्या द्राक्षमळ्यांची नावे तिच्यातल्या सिगारांना होती. क्रांतीनंतर राष्ट्रीयीकृत क्युबन तंबाखू उद्योगाला युरोपात वजन असलेला माणूस हवा होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाविदॉफच्या नावाचा मार्का क्युबात सुरू झाला. पांढऱ्या पट्टीचे हे सिगार हवानातल्या एल लागितो या कारखान्यात वळले जाऊ लागले. हाच कारखाना सुरुवातीला परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठी कोहिबा वळत असे. नं. १, नं. २ आणि 'अम्बासाद्रिस' ही तीन मापे एल लागितोच्या स्वतःच्या तीन मापांतूनच घेतली होती. पुढे शातो मालिका, 'दों पेरिन्यों' हा चर्चिल आणि हजारांच्या आकड्यांनी ओळखली जाणारी 'मिल' मालिका त्यात मिळाली.

१९८०च्या दशकात दाविदॉफ कंपनी आणि क्युबाचे सरकारी तंबाखू मंडळ यांच्यात गुणवत्तेवरून वाद पेटला. १९८९ मध्ये झिनो दाविदॉफ यांनी निकृष्ट ठरवलेले एक लाखाहून अधिक सिगार जाहीरपणे जाळले. त्यानंतर कंपनी डॉमिनिकन प्रजासत्ताकात गेली आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी क्युबन दाविदॉफ संपले. आजही त्या नावाचे सिगार मिळतात, पण त्यांत क्युबाचे पान नाही. त्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने 'दाविदॉफ' हे दोन पूर्ण वेगळ्या वस्तूंचे नाव आहे. जुन्या क्युबन दाविदॉफची ख्याती कडकपणाची नाही. चव मऊ आणि साईसारखी, गवताळ गोडसर सुगंधाची, आणि शेवटपर्यंत ती कडू होत नाही. तीस-चाळीस वर्षांनंतर त्यातले अनेक सिगार फिके पडले आहेत. पण नीट सांभाळलेला दों पेरिन्यों किंवा नं. १ अजूनही दाखवतो की सौम्य सिगार म्हणजे बेचव सिगार नव्हे.

लंडनच्या डनहिलची कथा याच्याशी समांतर, पण लहान. या दुकानाचे हवानाच्या कारखान्यांशी जुने नाते होते आणि ते खास आपल्यासाठी माल निवडून घेत असे. १९८०च्या दशकात त्यांचा स्वतःचा क्युबन मार्का निघाला. 'काबिनेता', 'मालेकोन', 'एस्तुपेन्दो' अशी त्यातली मापे. मार्का काहीच वर्षे चालला आणि दाविदॉफच्याच सुमारास बंद झाला. माल मुळात कमी असल्याने आज तो दाविदॉफहून दुर्मिळ आहे. चवीनेही तो अधिक भरदार, आणि या दोहोंत निवड करायचीच तर वयाने डनहिलला जास्त फायदा झाला आहे.

याहून मागे गेले की क्रांतीपूर्व माल लागतो. १५ सप्टेंबर १९६० ला क्युबातले सिगार कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने क्युबाशी व्यापारबंदी लागू केली. अनेक कारखानदार घराणी देश सोडून गेली आणि त्यांच्यासोबत मार्क्यांची नावेही, त्यामुळे आज एकाच नावाचे क्युबन आणि बिगर-क्युबन असे दोन सिगार बाजारात दिसतात. काबान्यास, ला कोरोना, हेन्री क्ले ही एके काळची मोठी नावे. क्युबन हातवळणीचे सिगार म्हणून ती आता इतिहासजमा आहेत. बंदीपूर्व माल अमेरिकेत कायदेशीर असल्याने त्याला तिथे वेगळाच भाव येतो. पण साठ-सत्तर वर्षांचा सिगार ओढायला घेतला तर बहुतेक वेळा हाती जुन्या लाकडाचा आणि कागदाचा वास, पातळ धूर आणि बरीचशी कल्पना एवढेच लागते. अपवाद आहेत, पण अपवादांच्या भरवशावर पैसा लावणे शहाणपणाचे नाही. हा माल इतिहासाचा नमुना म्हणून जपावा.

आणखी एक प्रकार आहे जन्मतःच बंद होणाऱ्या सिगारांचा. १९९२ मध्ये कोलंबसच्या प्रवासाला पाचशे वर्षे झाल्यानिमित्त '१४९२' नावाचे सिगार ५०-५० च्या ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या पेटीत, निघाले. असे ५०१ ह्युमिडॉर होते. २००० पासून 'एदिसियोन लिमितादा' आणि २००५ पासून एकेका देशासाठी काढलेली 'एदिसियोन रेहियोनाल' मालिका सुरू झाली. २००६ मध्ये कोहिबाच्या चाळिसाव्या वर्षी बेहिके नावाचे ४,००० सिगार १०० ह्युमिडॉरमध्ये निघाले. यांतला बराचसा माल संग्राहकाला समोर ठेवूनच केलेला आहे. ज्या सिगाराने पंचवीस-तीस वर्षे रोजच्या खपात टिकून आपली चव सिद्ध केली आणि मग तो गेला, त्याच्याशी या मालाची बरोबरी करू नये. मुद्दाम टंचाई निर्माण करून वाढवलेल्या किमतीत चवीचा वाटा कमी असतो.

संग्राहकाचे खरे काम पेटी वाचण्यात आहे. क्युबन पेट्यांवरची सरकारी हमीची मोहोर १८८९ मध्ये स्पॅनिश राजवटीत सुरू झाली आणि १९१२ मध्ये क्युबन प्रजासत्ताकाने ती नव्याने काढली. १९९९ मध्ये तिच्यावर लाल क्रमांक आला आणि २००९ मध्ये होलोग्राम. पेटीच्या तळावर तापवलेल्या शिक्क्याने अक्षरे उमटवलेली असतात. 'हेचो एन कूबा', म्हणजे क्युबात बनवलेले, हे क्रांतीनंतरच्या पेट्यांवर असते. 'तोतालमेन्ते आ मानो', म्हणजे पूर्णपणे हाताने, हे शब्द १९८९ पासून आले. त्याआधीच्या पेट्यांत हातवळणीचा आणि यंत्राचा माल शिक्क्यावरून वेगळा ओळखता येत नाही. १९९४ मध्ये हबानोस एस. ए. ही कंपनी स्थापन झाल्यावर शिक्क्यातले 'कूबातबाको' हे सरकारी तंबाखू मंडळाचे नाव जाऊन तिथे नव्या कंपनीचे नाव आले.

तारखेसाठी १९८५ पासून सांकेतिक शाईचा शिक्का होता. 'निवेल आकूसो' (NIVEL ACUSO) या दहा अक्षरांत न म्हणजे एक, इ म्हणजे दोन, असे करत शेवटचा ओ म्हणजे शून्य. महिना व वर्ष या अक्षरांत लिहिलेले असे आणि शेजारी कारखान्याचा संकेत. ही किल्ली फुटल्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस संकेत बदलत गेले, आणि २००० पासून स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरे आणि वर्षाचे दोन आकडे असा सरळ शिक्का सुरू झाला. १९८५ पूर्वीच्या पेटीचे वय मात्र कागदाचा नमुना, पट्टीचा छपाईप्रकार, मोहोर आणि आयातदाराचे लेबल यांवरून ताडावे लागते. हाँगकाँगचे मिन रॉन नी यांनी २००३ मध्ये क्रांतीनंतरच्या हवाना सिगारांचा सचित्र कोश काढला, तेव्हापासून हे ताडणे बरेच सुकर झाले आहे. मापे, पट्ट्या, पेट्यांचे प्रकार यांची अशी नोंद त्याआधी कोणी केलेली नव्हती.

नकली माल या क्षेत्राची जुनी कीड आहे. कोहिबा आणि दाविदॉफ यांच्या नकला सर्वाधिक. नकली पट्टी आज हुबेहूब छापता येते. म्हणून पट्टीपेक्षा सिगार पाहावा: एका पेटीतल्या सर्व सिगारांचा रंग क्रमाने लावलेला असावा, टोपीचे टोक तिहेरी पानाने नेटके बंद केलेले असावे, कापलेल्या पायात, म्हणजे पेटवायच्या टोकात, लांब, अखंड पाने दिसावीत. पेटी कोणाकडून कोणाकडे गेली याचा कागद असेल तर तो शिक्क्याहून मोलाचा. लंडनमध्ये जुन्या हवाना सिगारांचे लिलाव अनेक वर्षे होत आले आहेत, आणि तिथल्या मालाला चढा भाव येतो त्याचे एक कारण ही वंशावळच आहे.

साठवणीचे नियम साधे आहेत, पाळायला कठीण. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के, तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस. दीर्घ मुदतीसाठी अनेक जाणकार खालच्या बाजूची आर्द्रता पसंत करतात. उष्णता वाढली की तंबाखूतल्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि सिगारांना सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. एक पेटी किडली तर सगळे कपाट धोक्यात येते. २००० च्या दशकाच्या मध्यापासून क्युबातून निघणारा माल गोठवून पाठवला जातो, त्याआधीच्या मालाला हे संरक्षण नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, तिथे साधी लाकडी पेटी कोरडेपणापासून नव्हे तर ओलीपासून वाचवावी लागते, आणि थंडावा राखणारे कपाट लागतेच. जुन्या सिगारवरची पांढरी भुकटी म्हणजे परिपक्वतेची खूण असे विक्रेते सांगतात. ती बहुतेक वेळा बुरशी असते.

मुरण्याची क्रिया हळू चालते. वळल्यानंतरही पानात आंबण्याची क्रिया सुरू असते, अमोनिया उडून जातो, निकोटीनचा कडकपणा उतरतो, तुरटपणा विरतो. राफाएल गोन्सालेसच्या पेटीवर जुन्या काळापासून एक सूचना छापलेली असे: सिगार हवानातून निघाल्यावर महिन्याभरात ओढावा, नाहीतर सुमारे वर्षभर मुरवावा. मधल्या काळात सिगार 'आजारी' असतो, हा अनुभव त्यामागे आहे. कडक लिगेचे पार्तागास, बोलिवार, रामोन आयोनेस यांना पंधरा-वीस वर्षे मानवतात. हलक्या लिगेचे सिगार त्याआधीच कळसाला पोचून उतरतात. पन्नास सिगार रेशमी फितीने बांधलेली लाकडी कॅबिनेट कागद चिकटवलेल्या पंचविसाच्या पेटीपेक्षा सिगार चांगले मुरवते, हे मत जुन्या संग्राहकांत जवळपास एकमुखी आहे.

आस्वादाची पद्धत जुन्या सिगारसाठी थोडी बदलावी लागते. कोरडा पडलेला सिगार एकदम ओल्या जागी ठेवला तर बाहेरचे पान तडकते, त्याला आर्द्रता काही महिन्यांत हळूहळू द्यावी लागते. पेटवण्याआधी कोरडा झुरका घेऊन पाहिला की कुबट वास, कापूर, सुके गवत, मध यांपैकी काय शिल्लक आहे ते कळते. पेटवताना ज्योत पायाला न लावता थोडी दूर धरतात. झुरका मिनिटाला एकाहून अधिक घेतला तर जुने, हलके सुगंधी तेल जळून जाते आणि फक्त उष्णता उरते. धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात फिरवून थोडा नाकावाटे सोडला की सुगंध उमजतो. क्युबन पद्धतीत सिगारचे तीन भाग मानून प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवतात. जुन्या सिगारच्या बाबतीत मधला भाग निर्णायक असतो. पहिल्या भागात साठवणीचा वास असतो, शेवटी डांबर साचते. फुललेल्या चहाच्या पत्तीचा, जुन्या चामड्याचा, भाजलेल्या बदामाचा गंध मधल्या भागात आला तर सिगार जिवंत आहे. एकाच मापाचा नवा सिगार शेजारी ओढला आणि पट्ट्या काढून ठेवल्या, तर वयाने काय मिळवले आणि काय गमावले याचा प्रामाणिक निवाडा होतो. किंमत ठाऊक असताना दिलेल्या गुणांवर विसंबू नये.

१९९८ ते २००१ या वर्षांचा माल याच कसोटीवर सर्वाधिक नापास होतो. मागणी वाढली, नवे कारागीर घाईने बसवले गेले, हबाना २००० चे पान आले आणि कितीतरी सिगार इतके घट्ट वळले गेले की धूरच येईना. ओढ तपासणारी यंत्रे त्यानंतर कारखान्यांत आली. त्या काळातली एखादी बंद झालेली पेटी दुर्मिळ असली तरी ओढण्यासाठी घेऊ नये.

या व्यासंगाबद्दल लिहिताना आरोग्याची बाब वगळता येत नाही. धूर छातीत न घेताही सिगारमुळे तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटीन तोंडातूनच रक्तात जाते. जुना, मुरलेला, सौम्य सिगार निर्धोक असतो हा समज खोटा आहे.

बाजाराचे चित्र अलीकडे आणखी बदलले. अमेरिकेने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रवाशांना वैयक्तिक वापरासाठी क्युबन सिगार आणण्याची मर्यादा उठवली आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी घातली. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या मार्क्यांच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीवर आणल्या गेल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर इयन चक्रीवादळाने पिनार देल रिओतली तंबाखू वाळवण्याची हजारो घरे पाडली. नवा माल महाग आणि कमी झाल्याने जुन्या पेट्यांकडे गुंतवणूकदार वळले. ते पेट्या उघडत नाहीत, त्यामुळे माल बाजारात फिरतो पण ओढला जात नाही. सिगार ओढण्यासाठी वळला जातो, आणि काही दशकांनंतर न उघडलेल्या पेटीतही तो क्षीण होतच असतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दाविदॉफ आणि डनहिलच्या मागे लागू नये. त्यांत नकलांचे प्रमाण मोठे आहे आणि चुकीची किंमत फार आहे. २००२ ते २००६ या वर्षांतला, तारखेचा सरळ शिक्का असलेला, एखाद्या मार्क्याचा बंद झालेला लॉन्सडेल शोधावा: पोर लारान्यागा, राफाएल गोन्सालेस किंवा सेंट लुईस रे. ओढ तोवर सुधारलेली होती, वय आता पुरेसे झाले आहे आणि नकला करणाऱ्यांचे लक्ष या नावांकडे अजून फारसे गेलेले नाही. पेटी मिळाली तर तिच्यातला पहिला सिगार त्याच महिन्यात ओढावा, आणि त्यानंतरच दुसरी पेटी घ्यावी.